‘फक्त मिनिमम भरा’ वाल्या फॉरवर्डचं काय करायचं

आधी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या, आणि काल चक्क भिशीच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: क्रेडिट कार्डचं पूर्ण बिल भरणारे येडे, फक्त मिनिमम ड्यू (बिलावर छापलेली किमान रक्कम) भरा, व्याज जेमतेम साडेतीन टक्के, ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं कोर्टानं बेकायदेशीर ठरवलंय, आणि अगदीच अंगाशी आलं तर सेटलमेंट करून निम्मं माफ करून घ्या. खाली चार नमस्कारांचे इमोजी. भिशीतल्या दोन काकू हे सिरियसली घ्यायला लागल्यात म्हणून लिहितोय.

साडेतीन टक्के, बरोबर. पण अहो ते महिन्याला! वर्षाचे झाले ४२, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे जवळपास ५०. समजा लक्ष्मी रोडला दिवाळीची खरेदी झाली आणि कार्डावर ५०,००० राहिले. महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, एकूण २,०६५. मिनिमम साधारण ५ टक्के असतं, म्हणजे २,५००. तुम्ही इमानदारीत अडीच हजार भरले आणि मुद्दल कमी झालं किती, तर ४३५ रुपये. पुढच्या महिन्यात परत तेच. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हा हिशोब केला नसेल, किंवा केला असेल आणि तो कार्ड विकणारा असेल, देव जाणे.

एक मात्र खरंय, मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही आणि सिबिलला (आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) डिफॉल्ट दिसत नाही. पण जुनी बाकी ठेवली की नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, चितळ्यांकडून कार्डावर घेतलेल्या बाकरवडीवरसुद्धा त्याच दिवसापासून मीटर चालू. हे बहुतेकांना माहीतच नसतं. आणि मिनिमम भरत राहिलात तर कर्ज महिनोन्महिने लांबतं असा इशारा स्टेटमेंटवरच छापलेला असतो, आरबीआयनं तो छापायला लावलाय, फक्त कोण वाचतंय.

आता ते कोर्टाचं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं म्हटलं होतं, हे खरं. पण २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. त्यामुळे ३० ची मर्यादा आज नाही, त्या भरवशावर बँकेशी भांडायला गेलात तर हात हलवत परत याल.

फॉरवर्डच्या शेवटी एक ‘टिप’ पण आहे, एका कार्डातून कॅश काढून दुसरं भरा. कॅश काढली की साधारण अडीच टक्के फी आणि व्याज त्याच दिवसापासून. पुढे बोलायला नको.

सेटलमेंट मिळते, पण सिबिल रिपोर्टला ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण पैसे न भरता मिटवलं, असं येतं, आणि मग वाकड-हिंजवडीत फ्लॅट बघून होमलोनला गेलात की मॅनेजर पहिलं तेच विचारतो. नोकरी गेली, आजारपण आलं, खरंच पर्यायच नाही तर करा, पण आयडिया म्हणून नको.

त्यापेक्षा बाकी मोठी असेल तर बँकेला सांगून ईएमआयमध्ये टाकून घ्या (प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आधी विचारा), किंवा ऑफिसची पगारदार पतसंस्था असेल तर तिथून कर्ज घ्या, सोनं तारण ठेवा, सहा टक्केवाली एफडी मोडा, काहीही ५० टक्क्यांपेक्षा स्वस्तच पडतं. आणि तोवर कार्ड कपाटात.

हप्ते आधीच थकले असतील आणि वसुलीवाले रात्री-बेरात्री फोन करत असतील तर तेही चालत नाही, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा आरबीआयचा नियम आहे. बँकेला लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, त्याला पैसे लागत नाहीत.