खड्डा तोच ठेवा

सर, आधी अभिनंदन. विद्यापीठाच्या हरित परिसर समितीचे समन्वयक म्हणून तुमच्या नेमणुकीचं परिपत्रक मिळालं. एकाच बाजूला छापलेलं, प्रत्येक विभागाला दोन प्रती, एक फलकाला, एक फायलीला, आणि तेच पुन्हा व्हॉट्सॲपवर. सुरुवात झकास झाली आहे.

तुम्ही वाणिज्य शाखेचे, झाडांतलं काही कळत नाही, म्हणून संकोच करू नका. मुद्दामच तुम्हाला घेतलंय. मागच्या खेपेला वनस्पतिशास्त्राच्या मॅडम होत्या. भर बैठकीत म्हणाल्या, ‘गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वाऱ्यावादळात उन्मळतो, रस्त्याकडेला नको.’ त्याच आठवड्यात वरून शंभर गुलमोहर मंजूर झाले होते. मॅडम आता परीक्षेच्या भरारी पथकात असतात. भरपूर झाडं बघायला मिळतात म्हणे, गाडीच्या काचेतून.

तर काम खड्ड्यापासून सुरू करायचं. रोपाचं नंतर बघू. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये सुरू केला तेव्हापासून येतोय, त्यामुळे ऐनवेळी धावपळ झाली असं सांगता येणार नाही. खड्डे राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे रासेयोची मुलं खणतील. त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि मुरमाड जमिनीत तास फार छान भरतात. खड्डा प्रशासकीय इमारतीच्या समोर हवा, म्हणजे कुलसचिवांना चप्पल चिखलात घालावी लागत नाही. एका रोपाला किमान आठ हात लागले पाहिजेत. झारी प्रमुख पाहुण्यांच्या हाती, आणि झारीला मागून हात लावणारे दोघे वेगळे. रोपाची काळी प्लॅस्टिकची पिशवी मात्र फाडू नका. ती मातीत तशीच ठेवली की मुळं आवरून राहतात, आणि दुसऱ्या दिवशी प्राणिशास्त्राच्या कार्यक्रमाला तेच रोप उचलून नेता येतं.

दसऱ्यापर्यंत रोप वाळेल. वाळू द्या. जुलैत खड्डा तयार मिळतो, खोदाईचं बिल मात्र नव्याने लागतं. आमच्या प्रशासकीय इमारतीसमोरच्या एका खड्ड्यात आजवर कडुलिंब, बकुळ, कांचन, वड, ताम्हण, पुन्हा कडुलिंब आणि एकदा चुकून जास्वंद अशी सात झाडं लागली आहेत. नोंदवहीत सातही डौलाने उभी आहेत. त्या खड्ड्यावर आता नाही म्हटलं तरी जीव जडलाय.

आकड्यांना घाबरायचं कारण नाही. राज्याने २०१६ मध्ये एका दिवसात २ कोटी झाडांचा संकल्प केला, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. देवांचा आकडा गाठल्यावर थांबले, नाहीतर पुढे मोजायला परंपराच उरली नसती. २०२१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायचं ठरलं. आपल्याला तो घोर नाही. आपली चौकशी आपणच पैसे देऊन करून घेतो, तिला ग्रीन ऑडिट म्हणतात. ऑडिटवाले सकाळी येतात, कॅन्टीनचा चहा घेतात, मागच्या वर्षीच्या अहवालातलं दुसऱ्या कॉलेजचं नाव शोधून बदलतात. एका पानावर ते राहून गेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेवढ्या पानापर्यंत कुणी पोचत नाही.

हे सगळं कुणासाठी, तर विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी. सातव्या निकषात हरित परिसराचे पाच मुद्दे येत आलेत: वाहनांना आवर, सायकली आणि बॅटरीच्या गाड्या, पायी चालणाऱ्यांसाठी वाटा, प्लॅस्टिकबंदी, आणि झाडंझुडपं लावून सुशोभन. पाचही पाठ करा, मग सोपं आहे. वाहनांना आवर म्हणजे महिन्यातून एक ‘नो व्हेईकल डे’. त्या दिवशी प्राध्यापक मंडळी गाड्या गेटाबाहेर हमरस्त्यावर लावतात, वाहतूक तुंबते, आत शुद्ध हवा राहते. सायकली वीस आहेत, एकाच साखळीला बांधलेल्या. किल्ली मॅडमच्याही आधीच्या समन्वयकांकडे होती आणि ते निवृत्त होऊन नाशिकला गेले. चाकांत हवा नसली तरी रंग हिरवा आहे. बॅटरीवरची गाडी कुलगुरूंचा बंगला ते कार्यालय एवढ्या अंतरावर धावते, मागून त्यांची नेहमीची डिझेल गाडी रिकामी येते. उगाच गैरसोय नको. प्लॅस्टिकबंदी राज्यात २०१८ पासून आहेच, तिचा फ्लेक्स करून घ्या. मोठा.

पायवाटांचं जरा सविस्तर सांगतो, कारण निधी तिथे आहे. माती दिसली की पेव्हर ब्लॉक. बुंध्याला अगदी चिकटवून, फट राहता कामा नये, फटीतून गवत येतं आणि गवत अस्वच्छ दिसतं. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा म्हणून बजावलं होतं. पण दिल्ली दूर आहे. ब्लॉक बसवल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत झाडं शेंड्याकडून वाळायला लागतात. तेव्हा ती ‘धोकादायक’ होतात.

आणि धोकादायक झाड ही फार मोठी सोय आहे. राज्याचा वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं सांभाळायची. पूर्वी नटमंडळीच वय लपवायची, आता आपल्या वडावर ती वेळ आली आहे. वय ठरवायला बुंध्याचा घेर मोजतात, तेव्हा टेप धरायला आपला माणूस द्या. तेवढंही नको असेल तर ‘फांद्यांची छाटणी’ लिहा. छाटणीचं पत्र घेऊन आलेला माणूस संध्याकाळपर्यंत झाडाचं टेलिफोनच्या खांबात रूपांतर करतो, आणि खांब काही वृक्ष नव्हे. ग्रंथालयामागच्या वडाचं असंच केलं. त्या जागी त्याच्याच स्मरणार्थ सेल्फी पॉइंट झालाय, मागे हिरव्या प्लॅस्टिकची भिंत.

मागच्या बाजूच्या माळाचं काय, असं तुम्हाला कुणीतरी विचारेल. विचारणारा बहुधा गळ्यात दुर्बीण घातलेला एखादा एम.एस्सी.चा मुलगा असेल. त्याला बसवा, पाणी द्या. तो सांगेल की तिथे कुसळी गवत आहे, हिवर आहे, बोरी आहेत, चंडोल गातो, टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, आणि माळ हे स्वतःच एक पूर्ण जग असतं. त्याचं सगळं बरोबर आहे. पण सर, महसुलाच्या कागदावर ती जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. ज्या जागेवर आपण काहीच लावलेलं नाही तिचे आपल्याला गुण कसे मिळणार? तेव्हा तिथे जेसीबी फिरवून ऑक्सिजन पार्क करा. सध्या मियावाकीची चलती आहे. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांनी आधी त्या मुलखातलं मूळचं जंगल कसलं होतं ते शोधा, मग तीच झाडं दाट लावा, असं सांगितलं. आपण त्यातला ‘दाट’ तेवढा घ्यायचा. उरलेल्या जागेत लॉन. लॉनला मार्च ते मे रोज टँकर लागतो, मुलींच्या वसतिगृहात त्या दिवसांत सकाळी एक तास पाणी येतं. मुली तक्रार करतात, लॉन वाळलं की सरळ पिवळं पडतं आणि ते रस्त्यावरून दिसतं. लॉनवर ‘बसू नये’ अशी पाटी लावा, कारण बसायला सावलीच नाही, लोकांना त्रास होईल.

पालापाचोळ्याचं खत करतो असं अहवालात आहे. खड्ड्याला पाटी आहे, पाटीवर क्यूआर कोड आहे. पाला पहाटे सहाला जाळतात, कारण त्या वेळी पर्यावरणशास्त्र विभाग बंद असतो.

कोल्हापूरचं उदाहरण कुणी दिलं तर विषय बदला. तिथलं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, ८५३ एकरांचं. त्यांनी आवारातल्या तळ्यांत आणि विहिरींत पावसाचं पाणी अडवून स्वतःची तहान बरीचशी स्वतः भागवली. हे चांगलं की वाईट या वादात मी पडत नाही, पण तळं एकदा भरलं की दरवर्षी त्याचं उद्घाटन करता येत नाही. मग टँकरवाल्याने कुठे जायचं? त्यालाही मुलंबाळं आहेत, त्यातला एक आपल्याच एम.कॉम.ला आहे.

पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे सगळ्या मुलांना शिकवावा लागतो. त्याचा ताण घेऊ नका. प्रकल्प तीस पानी, गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर. विषय बहुतेकांचा ‘प्लॅस्टिकचे दुष्परिणाम’ असतो. तपासून झाले की गच्चीवर ठेवा, सौर पॅनेलच्या खाली सावलीला.

आता मुख्य दिवस. नॅकची समिती येण्याच्या आदल्या रात्री नर्सरीतून चारशे कुंड्या भाड्याने येतील. पाम पुढे, क्रोटन मागे, शेवंती पायऱ्यांवर. झाडांना नावांच्या पाट्या रात्रीच ठोका, खिळा दोन इंची चालतो. गेल्या वेळी घाईत निलगिरीवर ‘औदुंबर’ लागलं आणि समितीतल्या एका सदस्यांनी चप्पल काढून नमस्कार केला. श्रेणी चांगली आली. समितीला तुमच्या त्या खड्ड्यापाशी नेऊन रोप लावायला सांगा, तो आठवा क्रमांक. निघताना प्रत्येकाला एक कुंडी भेट द्या. मात्र नर्सरीवाला संध्याकाळी मोजून नेतो, तेव्हा हिशेब आधी लावा. मागच्या वेळचे चार पाम अजून माझ्या पगारातून कापताहेत.

एक राहिलंच. पर्यावरणशास्त्र विभागाच्या मागच्या भिंतीवर, दुसऱ्या मजल्याच्या संडासाच्या पाइपाशेजारी, एक पिंपळ उगवलाय. कुणी लावला नाही, कुणी पाणी घालत नाही, पाइप गळतो त्यावर जगतो. चांगला पुरुषभर झालाय, वसंतात तांबूस पालवी फुटते तेव्हा खालचा शिपाई खुर्ची त्याच्याकडे तोंड करून ठेवतो. इमारतीला धोका म्हणून त्याला काढायची निविदा मंजूर झाली आहे, सोमवारी माणूस येईल. तुम्ही शनिवारीच जा, चारही बाजूंनी जिओटॅग फोटो काढून घ्या आणि यंदाच्या यादीत टाका. जगलेलं झाड म्हणून दाखवायला आपल्याकडे दुसरं नाही.