पन्हळीत हात कोण घालणार?

रंग देऊन वर्ष झालं नाही, तर भिंतीवर ओल परत त्याच जागी, आता हातभर खाली उतरलेली. आणि बघायला आलेल्या माणसाचं ठरलेलं वाक्य: "इमारत जुनी आहे हो, गळणारच." डोकं फिरतं माझं! शंभर वर्षं उभी आहे ती. गळायला लागली ती वर चढून बघायचं सगळ्यांनी सोडलं तेव्हापासून.

शेवटी मीच चढलो. आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मध्ये, कठड्याआड, छपराचं पाणी वाहून नेणारी एक सामाईक पन्हळ आहे. रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे ती कोणाचीच नाही. हात घातला तर कोपरापर्यंत चिखल. कबुतरांची पिसं, काटक्या, कौलांचे तुकडे, पाइपाच्या तोंडावर घट्ट बसलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्या चिखलात वीतभर रोपटं उगवलेलं, मूळ पत्र्याच्या सांध्यातून थेट भिंतीत. ओढलं तर सांध्याचा गंजका तुकडाच हातात आला. सहा बादल्या घाण निघाली, सहा!

अहो, हिशोब शाळेतल्या पोरालाही कळेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २०० चौरस मीटरच्या छपरावर तासात ५० मिलिमीटर पडला तर १०,००० लिटर. ते सगळं ज्या भोकातून उतरायचं, तेच बुजलेलं. मग पाणी भिंतीत शिरतं, भिंतीत गाडलेल्या तुळईच्या टोकात मुरतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. तुळई वरून ठणठणीत, आत भुसा. मग हेच लोक येऊन म्हणणार, इमारत धोकादायक झाली, पाडा.

दुरुस्तीचा तर त्याहून संताप. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापून मोकळे. चुन्यातून ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंटनं ती वाट बंद केली की वीट आतल्या आत कुजते. तांब्याच्या पन्हळीखाली जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडला, तर तांब्यावरून येणारं पाणी तो मुलामा खाऊन टाकतं. सांगितलं तर उत्तर काय? "काही होत नाही." आमच्याकडे नवा बसवलेला तुकडा तर उलट्या उताराचा! दहा फुटांमागे पाव ते अर्धा इंच उतार, एवढंच मागणं होतं. बाटलीभर पाणी ओतून दाखवलं, ते मधेच तळं करून उभं राहिलं, तरी तो माणूस हो म्हणेना.

लंडनमध्ये १८७७ साली जुन्या इमारती वाचवायला संस्था निघाली, तिच्या जाहीरनाम्यात गळकं छप्पर वेळेवर सांधा हे तेव्हाच लिहिलेलं आहे. आम्हाला मात्र दर्शनी भागाला रंग हवा, रोषणाई हवी. त्यासाठी वर्गणी चटकन निघते. पन्हळ साफ करायला परांची बांधू म्हटलं की सगळे गप्प.

ही पन्हळ नीट साफ करायची तर शेजारच्या जिन्यावरून जावं लागतं. मी शिडी आणतो, बादल्या आणतो, हातही मीच घालतो. शेजाऱ्यांनो, तुम्ही गच्चीची किल्ली तेवढी द्या! तीन पत्रं दिली. किल्ली अजून मिळालेली नाही, आणि आज पुन्हा आभाळ भरून आलंय.