पालक नसलेलं झाड आणि हिरवागार मायपाय

शुक्रवारी रात्री साडेआठला, पोळ्या लाटता लाटता फोन: रिपोर्ट उघडत नाहीये. पिठाच्या हातांनीच लॉग उघडला. ‘नन-टाईप ऑब्जेक्ट हॅज नो ॲट्रिब्यूट नेम’. म्हणजे कुणाचं तरी नाव मागितलं, आणि तिथे नन, काहीच नाही. डोकंच फिरलं माझं. नेमकी हीच चूक पकडायला आम्ही मायपाय (टाईप, म्हणजे पायथॉन कोडमध्ये कुठे कसली वस्तू येणार, हे कोड न चालवताच तपासणारा चेकर) लावलाय, तोही स्ट्रिक्ट मोडमध्ये, आणि दुपारी तो हिरवागार होता, एकही चूक नाही!

मुळात काम केवढं? महाराष्ट्राचं झाड. वर राज्य, खाली ३६ जिल्हे, त्यांच्याखाली तालुके, तळाशी ४०,०००च्या वर गावं. प्रत्येक नोडला, म्हणजे झाडातल्या प्रत्येक नोंदीला, नाव, पालक (वरचा नोड), मुलं (खालचे नोड). बास. मी ४० ओळींत लिहून दिलं होतं, टाईपसकट. रिव्ह्यूमध्ये सिनिअरसाहेबांचं एकच वाक्य, ‘लायब्ररी असताना हे कशाला?’ घ्या मग लायब्ररी. ती आली ती आणखी तीन पॅकेजं कडेवर घेऊन. त्यातलं एक तर टर्मिनलवर रंगीत झाड छापतं. मला काय करायचंय रंगीत झाड? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

वर मिरवणं काय, तर ‘फुल्ली टाइप्ड’. हे कशावर ठरतं माहितीये? पॅकेजमध्ये ‘पाय डॉट टाइप्ड’ नावाची फाईल टाकायची. रिकामी. शून्य बाइट! २०१७च्या पेप ५६१ या पायथॉनच्या प्रस्तावातली ही सोय, आणि सोय वाईट नाही. ती फाईल दिसली की चेकर आतले टाईप खरे मानतो. पण ते खरंच खरे आहेत का, याची चौकशी तुमच्याकडे होत नाही. इन्स्टॉल केलेल्या पॅकेजमधल्या चुका मायपाय तुम्हाला दाखवतच नाही.

शेवटी सोर्स उघडला. पालकाचा टाईप: ‘नोड’. ऑप्शनल (‘असेल किंवा नन’) वगैरे काही नाही, नुसता नोड. म्हणजे प्रत्येकाला पालक आहेच. अहो, मग मुळाला कोण पालक? कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे नोड तयार होतो तिथे, ‘सेल्फ डॉट पेरेंट’ला सरळ नन दिलंय आणि त्याच ओळीच्या शेवटी कॉमेंट, ‘टाईप इग्नोर’: चेकरने या ओळीकडे बघू नये. म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत होतं! चेकरने त्याला सांगितलं, याने त्याचं तोंड दाबलं, आणि भोगायचं मी. माझ्या टेस्टमध्ये फक्त तालुके आणि गावं होती, राज्याची ओळ प्रॉडवरच, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवरच, पहिल्यांदा आली. ती चूक माझी, कबूल. पण झाडाला मूळ असतं हे झाडाच्याच लायब्ररीला ठाऊक नको?

मुलांचं तर विचारूच नका. ‘लिस्ट ऑफ एनी’, म्हणजे आत काहीही चालेल अशी यादी. मी नोडवरून ‘गाव’ क्लास काढला, त्याला लोकसंख्या दिली. तालुक्याकडे मुलं मागितली की हातात एनी. आता लोकसंख्येचं स्पेलिंग खुशाल चुकवा, चेकर ब्र काढणार नाही. मग जागोजागी कास्ट (‘हे गावच आहे’ असं चेकरला सांगणं) लावत बसा. तो कास्टही रन होताना काडीचं काम करत नाही, दिलेली वस्तू तशीच परत देतो.

पायथॉनच्या घरात असं सर्वसाधारण कामाचं झाड नाहीच, म्हणून ही वणवण. एक्सएमएलसाठी एलिमेंट-ट्री आहे, पण त्यात मुलाला आपला पालक माहीत नसतो, आणि ज्या एलिमेंटला मूल नाही ते ‘इफ’मध्ये चक्क फॉल्स, खोटं. (मूल नाही म्हणजे असून नसल्यासारखं. कुठल्या सासूने डिझाइन केलंय हे?) पायथॉन ३.१२पासून निदान वॉर्निंग तरी येते.

असो. फिक्स एका अटीचा: पालक नन असेल तर रिकामं नाव परत दे. लिहिलं, पुश केलं. बिल्ड लाल! मायपाय म्हणतो, ‘स्टेटमेंट इज अनरीचेबल’. ही सूचनाही आम्हीच हौसेने चालू केलेली. त्याच्या लेखी पालक नन असूच शकत नाही, लायब्ररीने तसं लिहून दिलंय ना! प्रॉड नेमकं तिथेच आडवं पडलंय, आणि हा मला शिकवतो की इथवर कोणी पोचणारच नाही. दुपारी हिरवा, प्रॉड पडल्यावर लाल!

पावणेदहा वाजले होते, तवा गार, कणीक वाळलेली, क्लायंट अजून लाइनवर. त्या ओळीच्या शेवटी मीही मुकाट्याने टाईप केलं, ‘टाईप इग्नोर’.