पऱ्हाटीचा कोळसा आणि कार्बनचा भाव

उलंगवाडी झाली, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी संपली, की विदर्भात एक वाद दरवर्षी निघतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, पेटवून द्यायची, ट्रॅक्टरने कुट्टी करून जमिनीत घालायची, की गंजी लावून चुलीसाठी ठेवायची? अलीकडे त्यात चौथा पर्याय आला आहे. पऱ्हाटीचा कोळसा करा, मातीत मिसळा, परदेशी कंपन्या त्याचे कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवेतला कार्बन मातीत अडकवल्याच्या प्रमाणपत्राचे, पैसे देतील, असं सांगणारी माणसं गावात येऊ लागली आहेत. पारावर लगेच दोन तट पडतात. एकाला वाटतं, काडीकचऱ्याचे डॉलर झाले. दुसरा म्हणतो, गोऱ्यांनी धूर सोडायचा आणि त्यांचं पाप आपण आपल्या वावरात गाडायचं.

इथे जर्मनीत, जिकडून हे पैसे निघतात त्या बाजूला, भांडण वेगळंच आहे. जून २०२४ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने गोळ्या-मिठाई बनवणाऱ्या एका कंपनीला ‘क्लायमेट न्यूट्रल’ अशी मोघम जाहिरात करायला मनाई केली. स्वतःचा धूर कमी केला की दुसऱ्याकडून क्रेडिट विकत घेतलं, हे जाहिरातीतच सांगायला हवं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं. युरोपीय संघाचा कायदा त्याच्याही पुढे जातो. २७ सप्टेंबर २०२६ पासून, केवळ क्रेडिट विकत घेऊन आपला माल हवामानाला निरुपद्रवी आहे असं ग्राहकाला सांगता येणार नाही. युरोपने कार्बन शोषणाच्या प्रमाणपत्राची स्वतःची चौकट २०२४ च्या अखेरीस केली, तीही युरोपात होणाऱ्या कामापुरतीच. यवतमाळच्या वावरात गाडलेला कोळसा तिच्यात बसत नाही.

याचा अर्थ बाजार बंद झाला असा नाही, पण तो मूठभर मोठ्या गिऱ्हाइकांवर टेकलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टनांची बायोचार (मातीत घालायचा कोळसा) क्रेडिट घ्यायचा करार केला. मायक्रोसॉफ्टही मोठी खरेदीदार आहे. अशा दोन-चार कंपन्यांनी धोरण बदललं की भाव कोसळतो, आणि त्या कोसळण्याला हमीभावाचा आधार नसतो. ‘पाप गाडायचं’ म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो, पण त्यांचा नेम चुकतो. युरोपातल्या ग्राहकाला ते पाप पुसल्याचं सांगायची सोय कायद्यानेच काढून घेतली जाते आहे. घरबसल्या डॉलर मिळतील म्हणणाऱ्यांनी मात्र एकदा क्विंटलमध्ये हिशेब करून पाहावा.

कोरडवाहू कपाशीच्या एका एकरात वाळलेली पऱ्हाटी साधारण १० क्विंटल निघते. खड्ड्यात नीट जाळली तर कोरड्या वजनाच्या २० ते २५ टक्के कोळसा मिळतो, म्हणजे दोन ते अडीच क्विंटल. त्यातला ७० टक्के कार्बन धरू, दीडशे किलो. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, या हिशेबाने साडेपाच क्विंटल. त्यातून जळताना निघालेला मिथेन, वाहतूक, आणि शंभर वर्षांत मातीत कुजून जाणारा भाग वजा होतो. एकरी चार क्विंटल उरले तर पुष्कळ. बायोचारच्या क्रेडिटला गेल्या काही वर्षांत टनामागे साधारण १०० ते २०० डॉलर मिळाले आहेत. आपण टनाला १० हजार रुपये धरू. एकराचे झाले चार हजार, तेही शेवटच्या खरेदीदाराच्या दारात. प्रयोगशाळा, तपासणी, मोबाइल ॲप, गावातला पगारी माणूस आणि कंपनीचा नफा यातूनच जातो. शेतकऱ्याच्या हातात निम्मे आले तरी दोन हजार. पऱ्हाटी उपटणं, तोडणं, गोळा करणं आणि दोन-तीन वेळा भट्टी लावणं याला पाच-सहा माणसांची दिवसाची मजुरी लागते. साडेतीनशेने धरा, दोन हजार तिथेच संपले.

म्हणजे क्रेडिटमधून मजुरी निघते. नफा म्हणून जे काही उरतं तो कोळसा. तो चांगला झाला आणि योग्य जागी पडला तरच.

चांगला होण्याची कृती सोपी आहे, आणि बिघडतेही सोप्या कारणांनी. नरसाळ्यासारखा, खाली निमुळता होत जाणारा शंकूच्या आकाराचा खड्डा घ्यायचा: वर पाच फूट रुंद, तीन फूट खोल. त्यात साधारण अर्धा घनमीटर जागा होते आणि एका वेळी ८० ते १०० किलो कोळसा बसतो. तळाशी बारीक काड्यांचा उभा चौकोनी मनोरा रचून तो वरून पेटवायचा, खालून नाही. जाळ वर राहिला की खालून निघणारा धूर त्या जाळातूनच जातो आणि जळून जातो. मग पऱ्हाटीचा वीतभर थर. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर. राख दिसायच्या आत टाकलं तर जाळ गुदमरतो आणि धूर होतो. उशीर केला तर कोळशाची राख होते. पहिल्यांदा करणारा हमखास एकच चूक करतो, घाईने सगळी मोळी एकदम लोटतो. त्या पिवळट धुरात मिथेन असतो, आणि तपासणारा तेवढंच बघतो.

पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटलेली असेल तर मुळाची माती झटकून टाका, नाहीतर जाळ थंड पडतो. बुडखा बोटापेक्षा जाड असेल तर तो आत लाकडाचा लाकूडच राहतो, वेगळा काढून चुलीला ठेवा. काडी कडकन मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे.

तीन तासांनी शेवटच्या थराचा जाळ बसला की विझवणं. एका खड्ड्याला दोनशे लिटरचा एक ड्रम तरी पाणी हवं, तेही कडेने तळापर्यंत पोचेल असं. नुसतं वरून शिंपडलं तर खाली निखारा धुमसत राहतो आणि सकाळी खड्ड्यात राख सापडते. पाणी नसेल तर ओली माती किंवा शेणकाला दाबून झाकतात. चालतं, पण मातीत एक फट राहिली तरी घात होतो. दुसऱ्या दिवशी कोळसा हातात चोळून पाहा. काळं नुसत्या पाण्याने गेलं पाहिजे. हात चिकट राहिला, साबण लागला, तर डांबर उरलं आहे. असा कोळसा पिकाच्या मुळाशी घालू नये.

इथे एक गुंता आहे, त्याबद्दल कंपनीचा माणूस सहसा बोलत नाही. गुलाबी बोंडअळीची सुप्त अळी झाडावर राहिलेल्या बोंडांत आणि सरकीत दडते. म्हणून फरदड घेऊ नका (हंगाम संपल्यावर पाणी देऊन तीच कपाशी पुन्हा बोंडावर आणू नका), जानेवारीअखेर वावर मोकळं करा, गंजी बांधावर लावू नका, असं २०१७ च्या प्रकोपापासून सतत सांगितलं जातं. पण जानेवारीत उपटलेल्या पऱ्हाटीत निम्मी ओल असते. कोळशासाठी तिला तीन-चार आठवडे ऊन द्यावं लागतं, आणि तेवढा काळ अळी गंजीत सुखाने राहते. यावर जुनाच उपाय आहे. शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या बसवायच्या. त्या हिरवी बोंडं आणि पाला खाऊन टाकतात. राहिलेली कवडी, म्हणजे किडकी, अर्धवट उमललेली बोंडं, हाताने तोडून वेगळी जाळायची. मगच पऱ्हाटी उपटून वाळवायची. अळीचा वंश गंजी लागायच्या आतच संपला, तर हा फायदा क्रेडिटच्या दोन हजारांपेक्षा मोठा ठरू शकतो, आणि तो कुठल्या परदेशी कंपनीच्या मर्जीवर नाही.

कोळसा कुठे टाकायचा यावर सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. ‘उत्पन्न २५ टक्क्यांनी वाढतं’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते खोटं नाही. २०१७ मधल्या एका जागतिक तुलनेत उष्ण कटिबंधातल्या पिकांची सरासरी वाढ तेवढीच आली होती, समशीतोष्ण देशांत जवळपास काहीच नाही. पण ती वाढ मुख्यतः आम्ल, हलक्या, निकस जमिनींतली आहे. कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) ९ च्या पुढेही जातो. वर्धा-यवतमाळच्या भारी काळ्या जमिनीचा सामू आधीच ८ च्या आसपास असतो आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद तिच्यात मुळातच भरपूर. तिथे कोळशाने फारसं काही हलत नाही, उलट जस्त आणि लोह पिकाला मिळणं अवघड होऊ शकतं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे पाणी आणि जमीनच खारट, तर तो घालूच नये असं माझं मत आहे. उपयोग दिसेल तो बरड, मुरमाड वावरात आणि पूर्वेला गडचिरोली-चंद्रपूरच्या आम्ल भातजमिनीत. गंमत अशी की कपाशी जिथे भरपूर, तिथे कोळशाची गरज कमी.

शिवाय दोन क्विंटल कोळसा एकरभर फेकला तर तो दिसणारही नाही. प्रयोगात हेक्टरी कित्येक टन घालतात. म्हणून पसरू नका, एका जागी घाला. सगळ्यात चांगली जागा गोठा. रोज जनावरामागे दीड-दोन किलो बारीक कोळसा गोमूत्र साचतं तिथे टाकायचा आणि शेणाबरोबर उकिरड्यात जाऊ द्यायचा. एरवी अमोनिया होऊन उडून जाणारं नत्र त्यात अडकतं. जून उजाडेपर्यंत ते खत मुरतं, मग संत्र्याच्या नव्या कलमांच्या खड्ड्यात किंवा भाजीच्या वाफ्यात जातं. कोरा कोळसा तसाच पेरला तर तो मातीतलंच नत्र ओढतो, रोपं पिवळी पडतात आणि ‘कोळशाने पीक जळालं’ अशी बातमी गावभर होते.

जर्मनीतले नियम या बाबतीत विदर्भातल्या उत्साहापेक्षा पुष्कळ कोरडे आहेत. इथल्या जुन्या खत नियमात रसायन न लावलेल्या लाकडाचा, ८० टक्के कार्बनचा कोळसाच बसायचा. पिकाच्या काडीकचऱ्याचा कोळसा युरोपच्या सामाईक खत नियमातून २०२२ नंतर आला, तोही प्रयोगशाळेतून. विषारी डांबरी संयुगं आणि जड धातू मोजल्याशिवाय तो पोत्यात भरता येत नाही.

आणि इथे युरोपात बायोचार फायद्यात चालतो, त्याचं कारण नुसतं क्रेडिट नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने २०१७ मध्ये बागांतल्या फांद्या-पाल्यापासून कोळसा करणारा कारखाना सुरू केला. त्याची उष्णता शहराच्या गरम पाण्याच्या नळांत जाते आणि कोळसा रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यांत दगडांबरोबर घालतात. एकाच फांदीतून घरं गरम होतात आणि झाडंही जगतात. आपल्या खड्ड्यातली सगळी आग आकाशात जाते. खरं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच समुद्रपूरकडे वायगावची हळद शिजते, वाशीमकडेही शिजते, आणि त्या कढईखाली लाकूड जळतं. झाकणाची, धुराडं असलेली भट्टी करून तिच्यावर हळदीची कढई ठेवली तर सरपणाचा खर्च वाचेल. हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही, गटाने एक भट्टी फिरवली तर जमेल. उपटलेली पऱ्हाटी विकायचा रस्ताही उघडा आहेच. दगडी कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्रांना २०२४-२५ पासून पाच टक्के जैवइंधन मिसळायचं बंधन आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा जवळच आहेत. ब्रिकेटवाल्याचा (काडीकचरा दाबून जळणाच्या विटा करणाऱ्याचा) वावरातून उचलायचा भाव कार्बनवाल्याच्या भावापेक्षा जास्त असेल, तर भारी काळ्या जमिनीवाल्याने खुशाल विकावी.

या सगळ्यात पऱ्हाटीचा जुना मालक विसरला जातो. गावात जिच्याकडे वावर नाही ती बाई उलंगवाडीनंतर पऱ्हाटीचे भारे नेते आणि पावसाळाभर त्यावर स्वयंपाक करते. सिलिंडर असलं तरी ते संपतं. पऱ्हाटी खड्ड्यात गेली की ती सरपणाला जंगलात जाणार. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत याचा अर्थ काय, हे सांगायला नको. क्रेडिटच्या कागदात याला ‘गळती’ म्हणतात आणि एका रकान्यात दोन-चार टक्के वजा करून मोकळे होतात. गावाने आधीच ठरवावं, घरटी किती भारे बाजूला ठेवायचे. नंतर मागणारी तोंड उघडत नाही.

कागदावर सही करायची वेळ आली तर मराठी प्रत मागा. पैसे पऱ्हाटीच्या वजनावर, कोळशावर की क्रेडिट विकलं गेल्यावर, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. तिसरं असेल तर वर्षभर थांबायची तयारी हवी. कोळसा वजनावर देऊ नका आणि कुणी घेतलाही तर शंका घ्या. विझवलेल्या कोळशात पाणी इतकं मुरतं की वजन दुप्पट होतं. प्रामाणिक माणूस मापाचा डबा आणि वाळवलेला नमुना घेऊन येतो. क्रेडिट विकलेला कोळसा पुन्हा चुलीत, इस्त्रीत, लोहाराच्या भात्यात जाता कामा नये, ही अट सगळीकडे असते. मे महिन्यात गॅस संपल्यावर घरातल्यांना ती माहीत असली पाहिजे. आणि नमुना प्रयोगशाळेत नापास झाला तर मजुरी कोण देणार, हे कलम नसेल तर ते हाताने लिहून घ्या. विझवायचं पाणी कुणाच्या विहिरीचं, हेही त्याच वेळी विचारा. एप्रिलमध्ये एकरी तीन ड्रम पाणी पुष्कळ गावांत टँकरचं असतं.