सही झाली की आठ दिवसांत पैसे? त्या मेसेजला उत्तर

"अपघाताचा दावा लोकअदालतीत मिटवा. आठ दिवसांत पूर्ण रक्कम खात्यात. पोलीस केसही संपते. वकिलाला ३० टक्के द्यायचे, तसा नियमच आहे. पुढे त्रास झाला तर परत अर्ज करता येतो." सोलापुरात हा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. माझ्या मावसभावाचा पाय अक्कलकोट रोडवर मोडला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन वर्षं मी जिल्हा न्यायालयात हेलपाटे घातले आहेत. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी आठ दिवसांचं. तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, सह्या झाल्या, लोकअदालतीत निवाडा झाला, तरी विमा कंपनीचा पैसा त्याच दिवशी निघत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १६८ रक्कम भरायला ३० दिवस देतं. तडजोडीत वेगळी मुदत ठरली असेल तर ती. म्हणून मुदत आणि ती टळल्यास व्याज किती, या दोन्ही ओळी पुरसिसमध्येच लिहून घ्या. आम्ही व्याजाची ओळ घातली नव्हती. रक्कम चार महिन्यांनी आली आणि उशिराचा एक रुपयाही मिळाला नाही. कंपनी भरतच नसेल तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करता येते, कारण लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो.

पैसे जमा झाले तरी नावावर अडतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एकच आडनाव आधारवर एका तऱ्हेने, पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. विडी कामगार बायकांच्या कागदांत माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांचा घोळ असतो. हे सहीच्या आधी दुरुस्त करून ठेवा.

"पूर्ण रक्कम खात्यात" हेही सरसकट खरं नाही. घरातला कर्ता माणूस गेला असेल आणि वारसांत लहान मुलं असतील, तर त्यांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो. सुसम्मा थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हीच दिशा दिली. एकरकमी आलेला पैसा नातेवाइकांत आणि उसनवारीत विरघळू नये, हा त्यामागचा हेतू, आणि मला तो पटतो. उपचारासाठी किंवा शिक्षणासाठी गरज पडली तर न्यायालयाकडे अर्ज करून ठेव मोडता येते.

पोलीस केस वेगळी. नुकसानभरपाई विमा कंपनीकडून घेतली म्हणून भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा मिटत नाही. जखमीला साक्षीचं समन्स येऊ शकतं. तेव्हा दचकू नका, जाऊन खरं सांगा.

तीस टक्क्यांचा नियम कुठेच नाही. उलट निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं, रकमेत वाटा घेणं, याला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी पहिल्याच दिवशी आकड्यात ठरवा आणि पावती घ्या.

आता सर्वांत घातक वाक्य: "परत अर्ज करता येतो." येत नाही! विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. फार तर उच्च न्यायालयात रिट याचिका, तीही अगदी मोजक्या कारणांसाठी. रक्कम कमी वाटली हे त्यात बसत नाही. माझ्या भावाने सही केली तेव्हा मांडीत हाड जोडायला बसवलेली प्लेट होती. ती काढायचं ऑपरेशन दीड वर्षाने झालं, आणि त्या महिन्यात यंत्रमागावर उभं राहता न आल्याने मजुरीही बुडाली. दोन्हीचा भार घरावर पडला, कारण आम्ही मागितलेल्या रकमेत तो धरलाच नव्हता.

तुमची तारीख जवळ आली असेल तर आधी हाडाच्या डॉक्टरांकडे जा. प्लेट काढावी लागेल का, अंदाजे खर्च किती, कायमचं अपंगत्व किती टक्के, हे त्यांच्या सहीशिक्क्याने लिहून घ्या आणि तो कागद वकिलांच्या हातात देऊन मगच आकड्यावर बोला.