‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला कुणाच्या सोयीचा?

सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, गावाकडच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरून फिरून येत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘कुणी जातीवरून, रंगावरून, चेहऱ्यावरून काही लिहिलं तर लक्षच देऊ नका. शेवटी शब्दच आहेत. उत्तर दिलं की पोस्ट आणखी पसरते. अशी माणसं सुधारत नाहीत, आणि नेटवरच्या बोलण्याला कायदा काही करू शकत नाही.’ चांगल्या मनाची माणसंही हे पुढे पाठवतात. यातलं एकच वाक्य निम्मं खरं आहे. बाकीची चुकीची आहेत आणि त्यांची किंमत दर वेळी ज्याच्यावर चिखल उडाला त्यालाच मोजावी लागते.

‘शेवटी शब्दच आहेत’

२०२० च्या मार्चमध्ये ईशान्य भारतातल्या मुलामुलींना देशभर ‘कोरोना’ म्हणून हिणवलं जात होतं. मीममधला तो शब्द रस्त्यावर, दुकानात, भाड्याच्या घरांपर्यंत पोहोचला आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून अशा छळावर कारवाई करायला सांगावं लागलं. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाला केसांवरून, दिसण्यावरून चिडवण्यात आलं, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून हिणवण्यासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमं सुचवली होती. ती आजतागायत आलेली नाहीत.

ग्रुपमध्ये मारहाण होत नाही, पण तिथे वाचणारे असतात. लिहिणारा एक, वाद घालणारे दोन-चार आणि गुपचूप वाचणारे शे-दीडशे. त्या शे-दीडशेंत ज्याच्या समाजाबद्दल लिहिलं गेलं तोही असतो. शिवी कुणी दिली यापेक्षा त्यानंतर कोण कोण गप्प राहिलं, हे त्याला जास्त दिवस आठवतं. मग तो लिहिणं कमी करतो आणि एक दिवस काही न बोलता ग्रुप सोडतो. ‘दुर्लक्ष केलं आणि विषय मिटला’ असं बाकीच्यांना वाटतं, ते यामुळेच.

‘उत्तर दिलं की पोस्ट पसरते’

निम्मं खरं वाक्य ते हेच. फेसबुक, एक्स, यूट्यूब यांची यंत्रणा प्रतिसाद मोजते, आणि तिच्या लेखी रागाचा प्रतिसादही प्रतिसादच असतो. द्वेषाच्या कॉमेंटखाली तीस जण भांडले की ती वर येते. मूळ पोस्ट ‘बघा काय लिहिलंय’ म्हणून शेअर केली तर तिला नवा प्रेक्षकवर्ग आपणच मिळवून देतो.

पण यातून गप्प बसावं असं निघत नाही. उत्तर कुठे लिहायचं, एवढंच निघतं. स्वीडनमध्ये पत्रकार मिना डेनर्ट यांनी २०१६ मध्ये ‘मी इथे आहे’ अशा अर्थाच्या नावाचा फेसबुक ग्रुप सुरू केला आणि पाठोपाठ जर्मनीतही तसाच उभा राहिला. पद्धत साधी आहे. द्वेषाने भरलेल्या चर्चेत सदस्य एकत्र जातात, आपलं म्हणणं स्वतंत्र कॉमेंट म्हणून लिहितात आणि एकमेकांच्या सभ्य, माहितीपूर्ण कॉमेंटना लाइक देतात. यंत्रणा त्या कॉमेंट वर आणते आणि द्वेषाच्या कॉमेंट खाली जातात. आपल्याकडे हे चार मित्रही करू शकतात. त्या माणसाच्या कॉमेंटखाली ‘रिप्लाय’ दाबायचा नाही, मूळ पोस्टखाली नवी कॉमेंट लिहायची. त्याला टॅग करायचं नाही. मूळ मजकूर दाखवायची वेळ आलीच तर नाव झाकलेला स्क्रीनशॉट द्यायचा, लिंक नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला हे लागूच होत नाही. तिथे वर-खाली करणारी यंत्रणा नसते, मजकूर आला त्या क्रमाने दिसतो. त्यामुळे तिथे पसरण्याचं कारण सांगून गप्प बसण्यात काही अर्थ नाही.

‘अशी माणसं सुधारत नाहीत’

हे मोजून पाहिलं गेलं आहे. अमेरिकी संशोधक केव्हिन मंगर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटरवर (आताचं एक्स) कृष्णवर्णीयांविरुद्धची शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना बनावट खात्यांवरून समज दिली: अशा भाषेने खरी माणसं दुखावतात. समज देणारं खातं गोऱ्या माणसाचं दिसत होतं आणि त्याला भरपूर फॉलोअर होते, तेव्हा शिवीचा वापर लक्षात येण्याइतका घटला. तेच वाक्य कृष्णवर्णीय दिसणाऱ्या खात्यावरून गेलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. झुरिकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १,३५० ट्विटर वापरकर्त्यांवर तीन तऱ्हेची उत्तरं तपासली. विनोद आणि परिणामांची ताकीद यांचा खात्रीचा उपयोग दिसला नाही. समोरच्या माणसाचं दुःख दाखवणाऱ्या उत्तराने द्वेषाचे ट्वीट थोडे कमी झाले. परिणाम लहान होता, पण होता.

यातला मंगर यांचा निष्कर्ष आपण भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. लिहिणाऱ्याला ज्याच्या मताची पर्वा आहे, त्याच्या शब्दाला वजन असतं. जातीवरून टोमणा आला तर पहिलं उत्तर त्या जातीच्या माणसाने देण्याची वाट पाहणं म्हणजे ज्याच्यावर घाव झाला त्यालाच पट्टी बांधायला सांगणं. ते काम त्याच बाकावर बसलेल्यांचं आहे, टोमणा मारणाऱ्याच्या नात्यातल्या, बॅचच्या, जातीच्या माणसांचं. ‘काका, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत ते याच ग्रुपमध्ये आहेत आणि हे वाचतायत. कृपया काढून टाका.’ पुतण्याच्या वयाच्या मुलाचं हे एक वाक्य बाहेरच्याच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतं.

टोमणा माहितीच्या वेषात येतो तेव्हा माहितीनेच उत्तर द्यावं लागतं. उदाहरणार्थ, ‘आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होतं, मतांसाठी लांबवलं’ हा कायम फिरणारा मेसेज. उत्तर असं बसतं: ‘दहा वर्षांची मुदत घटनेच्या कलम ३३४ मध्ये होती आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना होती. संसद ती दर दहा वर्षांनी वाढवत आली आहे, आता ती जानेवारी २०३० पर्यंत आहे. शिक्षणाचं कलम १५(४) आणि नोकऱ्यांचं १६(४) यांत मुदतच नाही. घटनेची प्रत उघडून बघा.’ चार-पाच वाक्यं आणि कुणालाही पडताळता येईल असा आधार. सुरुवात खऱ्या गोष्टीने करायची, खोटं वाक्य ठळक करून पुन्हा छापायचं नाही, नाहीतर घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात तेच राहतं. एकदा लिहायचं आणि थांबायचं. तिसऱ्या फेरीनंतर वाचणारे निघून गेलेले असतात.

इथे लोक एक चूक हमखास करतात: रागाच्या भरात टोमणा मारणाऱ्याची जात काढतात, नोकरीचं ठिकाण शोधून टाकतात, फोन नंबर फिरवतात. नामसाधर्म्याने भलताच माणूस सापडतो, आपलं खातं बंद होतं आणि तक्रार करायला गेल्यावर आधी आपलेच मेसेज पुढे ठेवले जातात.

‘कायदा काही करू शकत नाही’

करू शकतो, मात्र कोणत्या बोलण्याला कोणतं कलम लागतं हे माहीत हवं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर अपमानित करणं आणि जातिवाचक शिवीगाळ येते. (यू) मध्ये लिहून-बोलून त्या समाजाबद्दल द्वेष पसरवणं येतं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. यूट्यूबवर टाकलेल्या मुलाखतीतला अपमानही ‘लोकांसमोर’ ठरतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. मर्यादाही आहे: अपमान जातीवरून झालेला असावा लागतो, केवळ अपमानित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढं पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात यांवरून गटागटांत वैर पसरवण्याला भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १९६ आहे. एकट्या माणसाला उद्देशून केलेल्या टोमण्याला ते सहसा बसत नाही.

तक्रारी फसतात त्या बहुधा पुराव्यावर. क्रम असा ठेवा: आधी जतन, मग रिपोर्ट, मग उत्तर. उलट केलंत तर मजकूर उडतो आणि हातात काही राहत नाही. फेसबुक-यूट्यूब ब्राउझरमध्ये उघडून कॉमेंटच्या वेळेवर क्लिक केलं की त्या कॉमेंटची स्वतःची लिंक मिळते, ती घ्या. प्रोफाइलचीही लिंक घ्या, कारण दिसणारं नाव बदलता येतं. प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत आणि कॉमेंटपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा. एकट्या कापलेल्या स्क्रीनशॉटवर तारीख नसते, संदर्भ नसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सोडण्याआधी ‘एक्सपोर्ट चॅट’ करा. पाठवणारा तुमच्या फोनमध्ये सेव्ह असेल तर त्या फाइलमध्ये तुम्ही दिलेलं नाव येतं, नंबर येत नाही. म्हणून त्याच्या माहितीच्या पानाचा नंबरासह स्क्रीनशॉट वेगळा घ्या. रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याचा पर्याय येतो, त्यापुढची टिक हटवा. फोटो कुणाला पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अ‍ॅप त्यांचा आकार आणि दर्जा कमी करतं. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. न्यायालयात हे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा असतो, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहावं लागतं.

१९३० हा नंबर ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर वेळ घालवू नका. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पोलिस ठाण्यात अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा. अ‍ॅट्रॉसिटीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८अ सांगतं. तरीही नोंदवला नाही तर तोच अर्ज पोलिस अधीक्षकांना पाठवा, शहरात आयुक्तालयाला, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जा.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला ‘केस माझ्यावर होईल’ ही भीती असते. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा घाबरून अख्खा ग्रुप डिलीट करू नका. ज्याच्याबद्दल लिहिलं गेलं त्याला आधी फोन करा, त्याला तक्रार करायची आहे का ते विचारा, त्याचं जतन झालं की मगच ‘सर्वांसाठी डिलीट’ दाबा. आणि मजकूर कशासाठी काढला, ते ग्रुपवर दोन ओळींत लिहा.