खोलीचा आवाज काढून टाकला

आज दुपारी जेवायला बसलो आणि भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, फायनल झालं. ऐका की." हेडफोन लावला. दीड गाणं ऐकलं आणि काढून ठेवला. पोरगं तोंडाकडं बघत होतं, मला काय बोलावं सुचेना. ताटातली भाकरी तशीच राहिली. आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत, अजून डोकं शांत नाही, म्हणून लिहितोय.

भाच्याच्या बँडची ही पाच गाणी मी एप्रिलमध्ये समोर बसून ऐकलीत. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांच्यातल्या एका मित्राच्या वडिलांचा कारखाना बंद पडलाय. माग भंगारात गेले, शेड उरली. दिवसा पत्र्याखाली उभं राहवत नाही, म्हणून ही चार पोरं रात्री अकरानंतर वाजवायची. मी ताकाचा कॅन घेऊन गेलो होतो. ड्रमवर काठी पडली की आवाज पत्र्याला लागून परत यायचा, छातीत बसायचा. गाणारा पोरगा पूर्व भागातला, घरात तेलुगू. त्याच्या मराठीला एक हेल आहे, ओळ संपताना आवाज किंचित वर जातो. चौघंही एकमेकांकडं बघत, एकदम वाजवत होते. दोन माईक पुढं, बाकीचे मागितलेले.

मग कुणीतरी म्हणालं, मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवून गाणं पक्कं करायचं काम, चांगल्या माणसाकडून करून घ्या. त्या चांगल्या माणसानं (नाव घेत नाही, गावातलाच आहे) काय केलं? ड्रमचा आवाज काढून तयार सॅम्पल, म्हणजे दुसरीकडं आधीच रेकॉर्ड केलेले ठोके, बसवले. गाणाऱ्याकडून एकेक ओळ तुकड्या-तुकड्यानं पुन्हा गाऊन घेतली, वर सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर फिरवलं. हेल गेला. पत्रा गेला. ती खोलीच गेली. आणि घरचे सगळे खूश, "आता कसं पिक्चरसारखं वाटतंय." वर त्याला ठरलेल्या पैशांशिवाय पुढच्या कमाईत तीस टक्के पाहिजेत. पोरं म्हणतात, "मामा, असंच चालतं."

असंच चालत नाही. कधीच चालायला नको होतं.

1994 च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. माझी दहावी झाली होती. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला चुलतभाऊ सुट्टीला आला तेव्हा कोऱ्या कॅसेटवर निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा 'इन युटेरो' हा अल्बम उतरवून घेऊन आला. त्याचा गाणारा कर्ट कोबेन महिनाभर आधी, 5 एप्रिलला, 27 व्या वर्षी गेला होता, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. साखर पेठेतलं दोन खोल्यांचं घर, भिंतीला लागून शेजारचे माग. अप्पा पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग बसवणारे, दुरुस्त करणारे. संध्याकाळी हाताला ग्रीस तसंच घेऊन ते दारात आले, मी घाईनं टेप बंद करायला गेलो, तर म्हणाले, "थांब." तसेच उभे राहिले, मान थोडी वाकडी करून, बिघडलेल्या मागापाशी उभे राहायचे तसे. मग म्हणाले, "हे खोलीत वाजवलंय बे. खोली ऐकू येती."

ज्या माणसानं आयुष्यात इंग्रजी गाणं ऐकलं नव्हतं त्याला हे एका मिनिटात कळलं. त्यांचा कानच तसा होता. धोटा (मागावर आडवा दोरा इकडून तिकडं नेणारा) पेटीत नीट बसत नसला तर ते दारातूनच सांगायचे, कितवा माग ते.

आणि ते बरोबर होते! फार वर्षांनी मी वाचलं. निर्वाणाचा आधीचा अल्बम 'नेव्हरमाइंड' 1991 चा, इतका चालला की जानेवारी 1992 मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनला पहिल्या नंबरवरून खाली उतरवलं. पण तो फार गुळगुळीत झाला म्हणून कर्टला स्वतःलाच सलत होतं. पुढच्या वेळी त्यानं स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग करणाऱ्याला बोलावलं, कारण अल्बिनीनं केलेली पिक्सीज आणि ब्रीडर्स या बँडची रेकॉर्डिंगं कर्टला आवडायची. फेब्रुवारी 1993. मिनेसोटातलं कॅनन फॉल्स नावाचं छोटं गाव, बाहेर बर्फ. स्टुडिओ खोट्या नावानं बुक केलेला. दोन आठवड्यांत रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं आटोपलं. बँडमधले तिघं एकत्र वाजवत आणि अल्बिनी ड्रमभोवती तीसेक माईक लावून ती खोली पकडत होता. एक-दोन जलद गाण्यांसाठी तर ड्रम उचलून स्वयंपाकघरात नेले, तिथं आवाज घुमतो म्हणून. स्वयंपाकघरात! आणि आपल्याकडं पत्र्याच्या शेडचा आवाज म्हणे कचरा.

पैशाचं ऐका आता. एवढ्या मोठ्या बँडचा अल्बम, विक्रीतला हिस्सा घेतला असता तर अल्बिनीनं जन्मभर बसून खाल्लं असतं. त्यानं घेतला नाही. आधीच पत्र लिहून कळवलं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम करतो, कामाचे घेतो. एक लाख डॉलर ठरले, तेवढेच घेतले. रॉयल्टी नको, गाणी त्यांची आहेत, असं त्याचं म्हणणं.

हे वाचलं तेव्हा मला अप्पाच आठवले. त्यांना एका मालकानं सांगितलं होतं की तुम्ही माग बसवल्यावर माल वाढला, मीटरमागं काहीतरी देत जातो. अप्पा नाही म्हणाले. मी बोल्ट आवळला त्याची मजुरी द्या, कापड विणणाऱ्याचं आहे. आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. बरोबरच होतं तिचं, घरात आम्ही पाच जण खाणारे.

आता त्या अल्बमचं पुढं काय झालं तेही सांगतो. रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना तो आवडला नाही. बाहेर बातम्या आल्या की अल्बम विकण्याजोगा नाही, कंपनी बदल करायला लावतेय. बँडनं बिलबोर्ड या संगीताच्या मासिकात पानभर जाहिरात देऊन उत्तर दिलं. शेवटी स्कॉट लिट या दुसऱ्या माणसाकडून दोन गाणी नव्यानं मिक्स करून घेतली. हो, ते बँडनं स्वतःच करायला लावलं, कर्टलाही गाण्याचे शब्द आणि बेस नीट ऐकू येत नव्हते. मान्य. ती दोन गाणी चांगली झालीत, तेही मान्य. पण तिथंसुद्धा कुणी ड्रम फेकून सॅम्पल बसवले नाहीत.

21 सप्टेंबर 1993 ला अल्बम आला आणि थेट पहिल्या नंबरवर, पहिल्या आठवड्यात 1,80,000 प्रती. न विकला जाणारा अल्बम! वॉलमार्ट आणि केमार्ट या तिकडच्या मोठ्या दुकानांनी ठेवायलाच नकार दिला, तेव्हा 1994 च्या मार्चमध्ये मागचं कव्हर आणि एका गाण्याचं छापलेलं नाव बदलून त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढली. यावर बँडला शिव्या घालणारे खूप आहेत. मी पूर्वी घालायचो. पण बँडकडून कारण असं सांगितलं गेलं की कर्ट आणि बेस वाजवणारा क्रिस्ट लहान होते तेव्हा त्यांच्यासारख्यांना रेकॉर्ड घ्यायला अशीच दुकानं होती. कर्टचं ॲबरडीन म्हणजे लाकडाच्या धंद्यावर जगलेलं, नंतर धंदा बसलेलं गाव. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कव्हर बदला, नाव बदला, गरिबाच्या पोराच्या हातात कॅसेट पडू दे. नव्यानं मिक्स केलेलं एक गाणं सोडलं तर आतला आवाज तोच ठेवला ना त्यांनी.

तुम्ही म्हणाल, ते निर्वाणा होते, त्यांना परवडत होतं, या पोरांना कोण विचारतं? असेल. या चौघांकडं नाही म्हणायची ताकद नाही, हे खरंय. म्हणून तर जास्त राग येतो. ज्याच्याकडं ताकद नाही त्याच्याच गाण्यातून तीस टक्के काढायचे आणि त्याचाच हेलही काढायचा?

संध्याकाळी भाच्याला फोन केला. आधी जरा चढ्या आवाजातच बोललो, ते चुकलं माझं. त्याचा काय दोष. तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मलापण ते आमचं वाटत नाही, पण सगळे चांगलं म्हणतात म्हणून..." पुढं बोलला नाही. मी म्हटलं, शेडमधलं मूळ रेकॉर्डिंग आहे का? आहे म्हणाला. पाठवलंय.

आत्ता तेच ऐकतोय, अप्पांच्या खुर्चीत बसून. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तिसऱ्या गाण्यात गाणारा श्वास घ्यायला थांबतो आणि त्या पोकळीत शेजारच्या कारखान्यातला रात्रपाळीचा माग ऐकू येतो. खट-खट, खट-खट. त्यातला एक ठोका जड पडतोय. धोटा नीट बसत नाहीये.

सोलापुरात, पुण्यात, कुठंही असा मिक्सिंग करणारा तुमच्या माहितीत असेल जो ठरलेली मजुरी घेईल, हिस्सा मागणार नाही आणि तो माग गाण्यात राहू देईल, तर मला कळवा. मजुरी मी देतो.